नाव काय तुझं?

गुरुवार

नगरच्या पुणे स्टँडवरून सकाळी साडेसातची गाडी मिळाली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून पुण्याच्या गाड्या बायकांनीच भरलेल्या असतात, पण मला खिडकी मिळाली. सुप्याच्या माळावर धुकं होतं. शिरूरला घोडनदीच्या पुलावर ऊन आलं आणि वाघोलीपासून गाडी मुंगीच्या पावलानं चालायला लागली. मांडीवरच्या पिशवीत मुलाखतीचं पत्र, दोन साड्या, बायबल आणि एक लाल पेन. पेन सवयीनं आलं होतं. बावीस वर्षं ते माझ्या पर्समध्येच असायचं.

नगरच्या एका छापखान्यात मी मुद्रितशोधनाचं काम करत होते. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, पतसंस्थांचे अहवाल, शाळांच्या स्मरणिका, जे छापलं जायचं ते माझ्या नजरेखालून जायचं. गेल्या दिवाळीनंतर मालकांनी बोलावलं आणि सांगितलं, की हे काम आता बाहेरून करून घेऊ, तुम्ही पुढच्या महिन्यापासून येऊ नका. समोर ठेवलेला चहा गारसुद्धा झाला नव्हता.

तेव्हापासून कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं की माझ्या घशाला कोरड पडते. चर्चमध्ये नवीन कुणी दिसलं की मी बाजूला सरते. इतकी वर्षं नाव आणि काम मी एका दमात सांगत आले. आता नावापाशीच थांबायचं म्हणजे वाक्य मध्येच तुटल्यासारखं वाटतं. मी लग्न केलं नाही. त्यामुळे अमक्याची बायको, तमक्याची आई असंही पुढे जोडायला काही नाही.

आत्या गुरुवार पेठेत राहते, पंचहौद मिशनच्या आवाराला लागूनच. रिक्षातून उतरले तर आधी दिसला घंटेचा मनोरा. आवारातलं हे चर्च, पवित्र नाम देवालय, १८८५ मध्ये बांधलेलं. मनोरा देवालयापासून सुटा, वेगळा उभा आहे आणि त्यात आठ घंटा आहेत. लहानपणी सुट्टीत आले की मी रविवारची वाट त्या घंटांसाठी पाहायची.

"सलाम, आत्या."

"सलाम, बाळा. ये. किती वाळलीस गं."

आत्या एक्क्याऐंशी वर्षांची आहे. गुडघे गेलेत, पण चहा ती स्वतःच करते. आलं ठेचून, दूध जास्त, आणि कप नेहमी बशीसकट. मी बशीत ओतून प्यायले तसं तिनं विचारलं, "याच आवारातल्या चहानं केवढं रामायण झालं होतं, माहीत आहे ना?"

माहीत होतं. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला पुण्यातली मोठी मोठी माणसं आली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. पुढे गोपाळराव जोशांनी आलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून मोठं ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. कुणी प्रायश्चित्त घेतलं, कुणी चहाला तोंडच लावलं नव्हतं असं सांगितलं. एवढ्या विद्वान, मानी माणसांनाही आपण कोण हे एका कपावरून सिद्ध करावं लागलं.

आमच्या घरात चहापेक्षा पाण्याच्या गोष्टी जास्त. माझे आजोबा नेवासा तालुक्यातले. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, "ए" म्हटलं की त्यांनी जायचं. पाणी वरून ओंजळीत. ते वडाळ्याच्या मिशनमध्ये जायला लागले आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकांनी त्यांना विचारलं, "तुमचं पूर्ण नाव सांगा." आजोबा म्हणे गोंधळून गेले. पूर्ण नाव म्हणजे काय, हेच त्यांना उमगेना. मग पाळकांनी त्यांच्या वडिलांचं नाव विचारलं, आडनाव विचारलं आणि तिन्ही नोंदवहीत शाईनं लिहून त्यांना वाचून दाखवली. आत्या म्हणते, आजोबा म्हातारे झाले तरी ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्यांना लिहिता येत नव्हतं. पण आपलं नाव देवाच्या घरातल्या वहीत आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेल. या वेळी आत्या सांगत होती आणि मी उठून कपबशा विसळायला गेले.

शुक्रवार

मुलाखत अकराची होती, मी साडेदहालाच पोचले. काचेचं ऑफिस, समोर माझ्या भाच्याच्या वयाचा मुलगा. तो उद्धट नव्हता. माझे कागद चाळले, बावीस वर्षं एकाच ठिकाणी कशी काय काढलीत असं विचारलं, संगणकावर सरळ चुका काढता येतात का विचारलं. मग अर्जावरचा धर्माचा रकाना पाहून तो थांबला.

"तुम्ही ख्रिश्चन? मग मराठी कसं काय एवढं?"

त्याला खरंच कुतूहल होतं, ते मला दिसत होतं. पण मला उत्तर सुचेना. ज्या भाषेत मी रडले, प्रार्थना केली, जिच्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासता तपासता डोळ्यांचा नंबर साडेतीनवर गेला, ती माझी कशी काय, याचा पुरावा मागितल्यासारखं झालं. "माझी मातृभाषा आहे," एवढंच म्हटलं. शेवटी तो म्हणाला, आम्हाला जरा फास्ट माणसं लागतात, कळवतो. मीही बावीस वर्षं माणसांना "कळवतो" म्हणताना ऐकलंय.

बाहेर आले आणि चालत सुटले. किती वेळ ते आठवत नाही. पाय क्वार्टर गेटला सिटी चर्चपाशी थांबले. पुण्यातलं हे सगळ्यात जुनं चर्च. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांसाठी ही जागा दिली गेली आणि १७९२ पासून इथे उपासना होते. शनिवारवाड्यावर पेशव्यांचा जरीपटका होता तेव्हा इथे ख्रिस्ती माणसं गुडघे टेकत होती. आत एक बाई फरशी पुसत होत्या. मी ओल्या फरशीवर पाय न देता कडेनं जाऊन बसले.

मला प्रार्थना करायची होती, पण मी मनातल्या मनात त्या मुलाशी भांडत राहिले. अरे, मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात ती १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी लिहिली, ते कोण होते? आमच्या नगरमध्ये १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' सुरू झाला, तो कुणी काढला? रेव्हरंड नारायण वामन टिळक कोण होते? तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांचे अभंग आम्ही टाळ वाजवून म्हणतो. आणि पंडिता रमाबाई? मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणणारी ती एकटी बाई कोण?

यादी मोठी झाली. मन हलकं काही झालं नाही. रात्री आत्याला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या केडगावला जाऊन ये. मला जमत नाही आता. तिळाचे लाडू केलेत, ते तिथल्या म्हाताऱ्यांना दे."

शनिवार

आत्यानं तरुणपणी केडगावला, रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या शाळेत चार वर्षं शिकवलं होतं. तिथे अजून तिची ओळख आहे, तिनं फोन करून ठेवला होता. सकाळची दौंड पॅसेंजर. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत. उरुळीच्या पुढे ऊस सुरू झाला. खुटबाव गेलं आणि डब्यात गुऱ्हाळाचा वास भरला, उकळत्या रसाचा, जरासा करपलेला आणि गोड. केडगाव गुळाचं गाव आहे.

रमाबाईंबद्दल शाळेत एक परिच्छेद असतो, तो सगळ्यांनी वाचलेला असतो. मला त्यांच्यातलं जे जवळचं वाटतं ते त्या परिच्छेदात नाही. त्या १८५८ मध्ये जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाला न जुमानता बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. दक्षिणेतल्या दुष्काळात आई, वडील, बहीण एकामागून एक गेली. भाऊ श्रीनिवास आणि त्या उपाशी, अनवाणी देशभर चालल्या. १८७८ मध्ये कलकत्त्यात पंडितांनी परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होण्याआधी नवरा गेला, पदरात मनोरमा. १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. इथे त्यांची ओळख झाली ती इंग्लंडमधल्या वॉन्टेजच्या ख्रिस्ती सिस्टर्सशी, ज्या आमच्या पंचहौदात काम करत. त्यांच्याकरवी त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८३ मध्ये तिथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ज्या बायकांना लोक पतित म्हणून टाकून देतात, त्यांना या सिस्टर्स घरात ठेवून जीव लावतात, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. का करता, असं विचारल्यावर एका सिस्टरनं त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची, म्हणजे यहुदी ज्यांना दूर ठेवत त्या लोकांतल्या बाईची, गोष्ट वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई, भर दुपारी एकटी पाण्याला येते आणि येशू तिच्याकडेच पाणी मागतो. रमाबाईंचं मन तिथे वळलं. आमच्या आजोबांना ओंजळीत पाणी मिळायचं, म्हणून असेल, ही गोष्ट मला कोरड्या डोळ्यांनी कधी वाचता आलेली नाही.

आणि ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या कुणाच्या साच्यात बसल्या नाहीत. सिस्टर्सनी क्रूस दिला, त्यावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाई म्हणाल्या, मला संस्कृत अक्षरं हवीत, लॅटिन काय देवाला जास्त जवळची आहे का? मांसाहार केला नाही, साडी सोडली नाही. इकडे पुण्यानं त्यांना परकं ठरवलं. १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदनावर, विधवा आणि मुलींसाठीच्या शाळेवर, धर्मांतराचा आरोप झाला, सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्हीकडून प्रश्न एकच: तू नक्की कुणाची? गाडी केडगावात शिरत होती आणि मी त्या काचेच्या ऑफिसमध्ये परत जाऊन बसले होते.

मुक्ती मिशन म्हणजे झाडीतलं एक गावच. माझ्याबरोबर फिरणाऱ्या मावशींनी सांगितलं, की १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा इथे घेऊन आल्या. १९०० पर्यंत इथे दीड हजारांच्या आसपास जीव होते. शेती, गाई, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवत. मी छापखान्याचं नाव काढताच मावशींनी ते जुनं बायबल माझ्यासमोर ठेवलं.

मी हात पदराला पुसले. पानं पिवळी, कडा कुरतडल्यासारख्या. मी मजकूर वाचलाच नाही आधी, खिळे पाहिले, म्हणजे छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांचे ठसे. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडेही खिळ्यांची छपाई थोडी उरली होती, त्यामुळे डोळा तिकडेच गेला. खिळ्याचा दाब कागदाच्या मागच्या बाजूला उमटला होता. बोट फिरवलं तर अजून लागतो, आंधळ्याला वाचता यावं इतका. एका ओळीत एक वेलांटी किंचित वर चढली होती. कुणीतरी खिळ्यांच्या पेटीतून, केसमधून, तो खिळा उचलला होता, उलटी अक्षरं वाचत ओळ जुळवायच्या स्टिकमध्ये लावला होता. दुष्काळात रस्त्याकडेला मरायला टाकलेली एखादी पोर असेल ती. रमाबाई हे भाषांतर करत ते साध्या बायकांना कळावं म्हणून, आणि जुळवत होत्या त्याही साध्याच बायका. शेवटची प्रुफं तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ ला, त्या गेल्या असं मुक्तीत सांगतात. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडलं.

शेवटपर्यंत प्रुफं. माझा ऊर भरून आला. मनात म्हटलं, हे घे उत्तर. टाकून दिलेल्या बायकांनी केवढं काम केलं बघ. तिथल्या तिथे मी त्या मुलाला जिंकून टाकलं आणि त्याच आवेशात लाडवांचा डबा घेऊन प्रीती सदनाकडे निघाले.

प्रीती सदनात म्हाताऱ्या, आजारी, अपंग बायका राहतात. ओसरीत ऊन आलं होतं. एक आजी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोक्याला रुमाल, हात सतत थरथरणारे. मी लाडू दिला. त्यांना धरता येईना, म्हणून मी मोडून तोंडात दिला. दात नव्हते. तीळ जिभेवर घोळवत त्या हसल्या.

"नाव काय तुझं?"

मी सांगितलं. पुढे "मी नगरला छापखान्यात…" असं जिभेवर आलं होतं, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्या माझं नाव हळूहळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणत होत्या. मग दुसरा तुकडा खाल्ला.

"नाव काय तुझं?"

परत सांगितलं. परत त्यांनी ते तोंडात घोळवलं. मावशी मागून हळूच म्हणाल्या, "त्यांच्या लक्षात राहत नाही. लहानपणापासून अशाच आहेत. इथेच वाढल्या." म्हणजे या आजींनी कधी खिळे जुळवले नव्हते, शेतात गेल्या नव्हत्या, शाळेत शिकवलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या हातानं जेवल्या. आणि त्यांचे केस तेल लावून चापून विंचरलेले होते, नखं कापलेली होती, पायात नवे मोजे होते.

त्यांनी पाचदा नाव विचारलं. पाचही वेळा, जणू पहिल्यांदाच ऐकतायत अशा आनंदानं ऐकलं. चौथ्यांदा विचारलं, "छान आहे. कुणी ठेवलं?" मी म्हटलं, "आत्यानं." त्या मान हलवत राहिल्या.

मी कालपासून जमवलेली यादी, पदमनजी, टिळक, रमाबाईंचं बायबल, माझी बावीस वर्षं, यातलं काहीच या ओसरीत चालत नव्हतं. या आजींच्या नावावर काहीच नव्हतं, तरी त्या कमी नव्हत्या. तिथे बसून मला रडू आलं. आजींनी थरथरत्या हातानं माझ्या गालावरचं पाणी पुसलं, म्हणजे सगळीकडे पसरवलं, आणि परत नाव विचारलं.

संध्याकाळच्या गाडीनं परत आले. रात्री जेवणं झाल्यावर आत्यानं रोजच्यासारखं बायबल काढलं. ती रोज एक अध्याय वाचते. आज मार्काचा पहिला होता. मी ऐकत होते आणि जुन्या सवयीनं मनात ओळींचा क्रम लावत होते. येशू नासरेथहून येतो, यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतो. अकराव्या वचनात आकाशातून वाणी होते, की तू माझा लाडका पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे.

"आत्या, थांब जरा. परत वाच."

तिनं परत वाचलं. मी पुढची वचनं बोटानं मोजली. शिष्यांना बोलावणं सोळाव्यापासून. कफर्णहूमातला पहिला बरा झालेला माणूस त्याच्याही पुढे. म्हणजे बाप संतुष्ट झाला तेव्हा मुलानं काहीच केलेलं नव्हतं. एक प्रवचन नाही, एक रोगी बरा केलेला नाही. तीस वर्षांचा नासरेथचा सुतार, नुकताच पाण्यातून वर आलेला. बावीस वर्षं क्रम चुकला तर मी लाल खूण करत आले आणि हा क्रम मला कधी दिसला नव्हता. लगेच पुढे रान आहे, चाळीस दिवस आहेत. मत्तयाकडे तर सैतानाचं पहिलं वाक्यच, तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी करून दाखव. करून दाखव. येशू करून दाखवत नाही. भूक लागलेली असून दाखवत नाही.

मी हे सगळं आत्याला धडाधड सांगितलं. तिनं चष्मा काढून बायबलात खूण म्हणून ठेवला.

"अगं, बारशाला तुझ्या कानात नाव मी सांगितलं. तुझ्या बापाचे डोळे भरले होते. तेव्हा तू कुठल्या छापखान्यात होतीस?"

मग तिनं दिवा मालवला आणि अंधारात आम्ही दोघींनी प्रभूची प्रार्थना म्हटली.

रविवार

घंटा वाजल्या तेव्हा मी आत्याच्या पदराला पिन लावत होते. अजूनही त्या आवाजानं पोटात तसंच होतं.

देवालय भरलेलं होतं. एक भजन रेव्हरंड टिळकांच्या चालीतलं, टाळ-तबल्यावर. आत्याचा आवाज फुटतो, पण ती वरच्या पट्टीतच म्हणते. उपासना संपता संपता पाळकसाहेबांनी विचारलं, बाहेरगावाहून कुणी आलेत का, त्यांनी उभं राहून ओळख करून द्यावी. गेले तीन महिने मी याच क्षणाला घाबरून उशिरा जात होते आणि लवकर निघत होते.

उभी राहिले. माझं नाव सांगितलं. नगरची आहे, म्हटलं. आणि खाली बसले. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आत्यानं माझ्याकडे न पाहता माझा हात धरला.

बाहेर चहा होता. एक बाई कप घेऊन आल्या, सलाम केला, नगरला कुठं असता, कुणाच्या तुम्ही, करत करत शेवटी विचारलंच, "आणि काय करता आपण?"

"मुद्रितशोधनाचं काम करत होते. सध्या काम नाही, शोधतेय."

"अस्सं. आमच्या मंडळाची स्मरणिका निघणार आहे, दर वर्षी चुका राहतात हो," त्या म्हणाल्या. मग माझ्या कपाकडे बघून, "बशी आणू का?"

"आणा ना," मी म्हटलं.